चाळीस एकरांच्या खालचं

गवत कापून पडलं होतं आणि उन्हानं इतकं कडक झालं होतं की मुठीत धरलं की चुरा व्हायचा. मे महिन्यात पाऊस नावाला आला आणि टेक्सासकडे निघून गेला. एरवी या तुकड्यातले गठ्ठे ट्रेलरवर मावत नसत. यंदा हर्शेल ट्रॅक्टर घेऊन कुंपणापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा, आणि मागचं गठ्ठे बांधायचं यंत्र बरंचसं रिकामंच खडखडायचं. मागून त्याची बायको आर्झुला चालत होती. गठ्ठा पडला की सुतळीत बोटं घालून उचलायचा, मांडीनं रेटायचा आणि ट्रेलरवर फेकायचा. साठी ओलांडली तरी तिचे दंड अजून तसेच होते. कमरेनं मात्र साथ सोडली होती. गवताची कुसळं घामात चिकटून मानेला आग लागली होती.

तेवढ्यात लिओटिसची जुनी पिकअप फाटकातून आत आली आणि पाइनच्या सावलीत थांबली. लिओटिस तिचा मामेभाऊ. तो खाली उतरला नाही. दार उघडून पाय बाहेर सोडून बसला आणि टोपीनं वारा घ्यायला लागला.

"ताई, गवत काय मेलंय का गं यंदा?"

"मेलेलं उचलायला तरी दोन हात लागतात," आर्झुला म्हणाली.

"माझी पाठ तुला माहीत आहे."

"माहीत आहे. खुर्चीच्या आकाराची आहे."

लिओटिस खो खो हसला. त्याला काहीही बोला, तो हसायचा. लहानपणापासून तिला हेच खुपायचं. मग त्यानं खिशातून चकचकीत कार्ड काढलं आणि हवेत धरलं. "कंपनीचा पोरगा आज परत आला होता. खाली खणू द्यायचे एकरी पाच हजार डॉलर म्हणतोय."

आर्झुलाच्या हातातला गठ्ठा सुटून तिच्या पायावर पडला.

ही चाळीस एकरं मूळची लिओटिसच्या बापाची. आर्झुलाच्या आईचा वाटा कधीच लाकूडवाल्या कंपनीच्या घशात गेला होता. लिओटिस तरुणपणीच नदी ओलांडून टेक्सासला गेला, तेल शुद्ध करायच्या कारखान्यात राबला, आणि दहाएक वर्षांपूर्वी पैशांची नड आली तेव्हा बापाची जमीन विकायला काढली. हर्शेलनं लाकूडगिरणीत बोटाचं पेर गमावून साठवलेले पैसे आणि आर्झुलाची वासरं, असं सगळं घालून त्यांनी ती घेतली. विकताना लिओटिसनं खालचं स्वतःकडे ठेवलं. वरचं गवत, माती, पाइन आर्झुलाचे. खाली तेल, वायू काही निघालंच तर लिओटिसचं. तेव्हा सगळे हसले होते. खाली काय, गांडुळं.

आता म्हातारपणी तो परत आला होता आणि रस्त्याकडेच्या उरलेल्या पट्ट्यावर चाकांचं घर ठेवून बायको डेलोरिससह राहत होता. आणि गांडुळांच्याही खाली, खडकात, वायू होता म्हणे.

"थांबू का सही करू?" त्यानं विचारलं. "तू सांग. तुझं डोकं चालतं."

"आधी हे गवत चढवू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ओसरीवर आला. आर्झुला मांडीवर परात घेऊन चवळीच्या जांभळ्या शेंगा सोलत होती. नखं जांभळी झाली होती. लिओटिसनं न विचारता मूठभर शेंगा ओढून घेतल्या, पण सोलायला नाही, नुसता चाळा म्हणून.

"ताई, एक गंमत सांगतो. तो पोरगा मला घाबरवतोय. म्हणे, लवकर सही करा, कारण जमीन विकून खालचं ठेवलं आणि दहा वर्षांत कुणी खणलं नाही, तर तो हक्क बुडतो. म्हणे, येत्या नोव्हेंबरात तुमची दहा वर्षं भरतात, त्याआधी आम्हाला भोक पाडायला हवं." तो हसला. "टेक्सासात मी हयात घालवली. तिथं खालचं एकदा ठेवलं की नातवंडाच्या नातवंडापर्यंत राहतं. हा कुठला कायदा आणला यानं? भाव पाडायची युक्ती दिसते. तू इथंच जन्म काढलास. तू ऐकलंयस का असलं काही?"

आर्झुलाची बोटं शेंगेवर थांबली.

तिनं ऐकलं होतं. मॅन्सफील्डला खरेदीखत झालं त्या दिवशी म्हाताऱ्या नोटरीनं चष्मा काढून सावकाश सांगितलं होतं. लिओटिस तोवर सही करून, ट्रकचा आवाज चढवत बाहेर बसला होता. नदी ओलांडायची घाई होती त्याला. आत ती आणि हर्शेल होते. नोटरी म्हणाला होता, या राज्यात असं आहे बाई, दहा वर्षांत कुणी हात लावला नाही तर खालचं वरच्याकडे जातं. म्हणजे तुमच्याकडे.

दहा वर्षं तिला ते आठवलंही नव्हतं. गेल्या महिन्यापासून मात्र दुसरं काही आठवत नव्हतं.

"कंपनीवाले काय," ती म्हणाली आणि शेंग मोडली, "सहीसाठी काहीही बोलतात."

"तेच मी डेलोरिसला म्हटलं." लिओटिसनं हातातल्या शेंगा परातीत टाकल्या. "मग थांबू म्हणतेस?"

"भाव तर चढतोच आहे."

तो समाधानानं उठला. जाताना स्वयंपाकघरात डोकावून मक्याच्या पावाचा मोठा तुकडा घेऊन गेला.

आतून हर्शेल आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. खांबाला पाठ घासत तो उभा राहिला.

"खोटं नाही बोललीस," तो म्हणाला.

"नाही."

"मग तोंड कशाला पाडतेस? नोव्हेंबर काही लांब नाही. आपण त्याला थांब म्हटलं नाही. भाव चढतोय एवढंच म्हटलं. चढतोच आहे." आणि मग अधिकच हळू, "बोटाचं पेर दिलंय मी या जमिनीला."

त्यानंतरचे दिवस आर्झुलाला गवतापेक्षा जास्त टोचले. सगळ्या गावाला भावाचं वेड लागलं होतं. न्हाव्याकडे, पोस्टात, मासे तळायच्या गाडीपाशी एकच बोलणं. कुणाला एकरी आठ हजार मिळाले, कुणी दहाला हटून बसलंय, नदीपलीकडच्या कुणा विधवेनं पंधरा सांगितले. ज्यांच्याकडे परसापुरती जमीन तेही बोटांवर हिशेब करत होते. थर्मन नावाचा शेजारी तर गाईंना चारा टाकायचं सोडून दिवसभर फाटकावर बसायचा, कंपनीची गाडी दिसली की हात करायचा आणि ती थांबली की म्हणायचा, अजून नाही.

एक दिवस ती हर्शेलसोबत पशुखाद्याच्या दुकानात गेली. गाईंना चाटायला मिठाचा दगड हवा होता. दुकानदार गोरा म्हातारा, तीस वर्षं या काळ्या नवराबायकोला ओळखणारा. आत लिओटिस होता. दुकानदारानं त्याच्यासाठी आतून खुर्ची आणली होती, थंड पेय दिलं होतं, आणि बोलताना म्हणत होता, "मिस्टर लिओटिस, तुमचं काय मत?"

मिस्टर. हर्शेलला आजवर त्यानं नुसतं हर्शेल म्हटलं होतं, तेही मूड बरा असला तर.

"जरा बाजूला होता का," दुकानदार आर्झुलाला म्हणाला, "साहेबांना पंख्याचा वारा लागू दे."

ती बाजूला झाली. लिओटिसला काही उमगलं नाही. तो तिला खुर्ची द्यायला उठला, पण पुरता नाही, अर्धवट, आणि ती "राहू दे" म्हणाल्यावर लगेच बसला. घरी येताना गाडीत ती मिठाचा दगड मांडीवर घेऊन बसली होती आणि नखानं कोपरा खरवडत होती.

रात्री ताटातली भेंडी तशीच राहिली. डेलोरिसनं म्हणे न्हाणीघरासाठी फरशी पसंत केली होती, निळी. कसली निळी, हे आर्झुलाला नको असताना डोळ्यांपुढे यायचं. मग ती मनात त्याच फरशीवर स्वतः उभी राहायची. मग नोव्हेंबरचं गणित सुरू व्हायचं. देवाजवळ गुडघे टेकताना आधी सगळ्यांची नावं घ्यायची तिची सवय. लिओटिसचं नाव आलं की ती तिथंच आमेन म्हणून उठायची.

रविवारी चर्च भरलं होतं. पंखे फिरत होते, तरी बायका पुठ्ठ्याचे पंखेही हलवत होत्या. रेव्हरंड पेटवे सुरुवातीला नेहमीसारखे नुसते बोलले, घसा साफ करत, जणू शेजारी उभं राहून पिकाची चौकशी करतायत. आर्झुलाला हेच आवडायचं. घाई नाही. मग हळूहळू वाक्याच्या शेवटी एक श्वास अडकतो, त्या श्वासाखाली ऑर्गनवरची मुलगी एक सूर टेकवून ठेवते, आणि बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते देवालाच ठाऊक. अख्ख्या आयुष्यात तिनं या सुरासाठी एक रविवार चुकवला नव्हता. तापात आली होती, बाळंतपणानंतर आली होती. आठवडाभराचं सगळं ओझं त्या सुरात टाकायचं आणि हलकं होऊन घरी जायचं.

रेव्हरंड म्हणाले, "तू बोललीस ते देवानं ऐकलं."

"ऐकलं," लोक म्हणाले.

"आणि तू बोलली नाहीस," सूर चढला, "जे जिभेवर आलं आणि तू गिळलंस,"

"सांगा, रेव्हरंड."

"तेही ऐकलं. अगं बाई, तेही ऐकलं. दात आवळून बसलीस तरी ऐकलं."

चर्च उभं राहिलं. पहिल्या बाकावर आर्झुलाची जागा; एरवी तिचा आवाज सगळ्यांच्या आधी उठायचा. आज तिनं तोंड उघडलं आणि घशातून वारा आला नुसता. पलीकडे लिओटिस डोळे मिटून डोलत होता. त्याच्या शर्टची कॉलर उलटी झाली होती. डेलोरिसला दिसली नव्हती. ती कॉलर बघून आर्झुलाला का कोण जाणे, राग आला, आणि रडूही.

सोमवारी सकाळी ती चुलीपाशी उभी होती आणि रेडिओ लागला होता. कुणी जाणता सांगत होता की वायूच्या जमिनींचा भाव आणखी चढणार, उन्हाळा संपेपर्यंत दुप्पट. तिनं रेडिओ बंद केला, पायात बूट घातले आणि कुंपणाकडेनं चालत लिओटिसच्या घरी गेली. हर्शेलनं विचारलं नाही. त्यानं फक्त टोपी काढून परत घातली.

लिओटिस पायरीवर कॉफी पीत होता.

"तो पोरगा खरं बोलला," आर्झुला उभ्यानंच म्हणाली. "दहा वर्षांचं. नोटरीनं सांगितलं होतं. तू ट्रकमध्ये होतास."

"पण तू तर म्हणालीस—"

"त्या दिवशी मी खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही."

तो कप धरून बसला. "आणि बुडालं की जातं कुणाकडे? सरकारकडे?"

"माझ्याकडे."

आत डेलोरिस भांडी घासत होती. पाणी थांबलं.

लिओटिसनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू पहिल्यांदाच गेलेलं तिला दिसलं. आणि खरं सांगायचं तर तेही तिला थोडं बरं वाटलं.

"मग आता?"

"आजच जा. आजच सही कर. खणायला वेळ लागतो त्यांना."

"आजच?"

"आजच," ती म्हणाली आणि वळली. आणखी एक दिवस गेला तर आपलीच जीभ फिरेल आणि त्याला थांब म्हणेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

लिओटिसनं एकरी सात हजारांवर सही केली. पैसे महिन्याभरात आले.

आणि जुलैत भाव वीसच्या वर गेला.

थर्मननं फाटकावरून उठून एका दुसऱ्या कंपनीशी बावीस हजारांवर सही केली. कंपनीनं त्याच्या हातात ड्राफ्ट ठेवला. कागद तपासून झाले की बँक पैसे देणार होती. तो ड्राफ्ट त्यानं चर्चच्या अंगणात इतक्यांना दाखवला की घडीवर काळपट रेघ पडली. त्याच अंगणात, बायका डबे काढत असताना, डेलोरिस आर्झुलापाशी आली.

"आजच जा म्हणे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नोव्हेंबरला पाच महिने होते. जुलैपर्यंत थांबला असता तर आज तिप्पट हातात असते. पण नाही. ताईंना घाई."

"डेलोरिस, पुरे," लिओटिस म्हणाला, पण खाली बघत.

"का पुरे? आधी म्हणाली थांब. मग म्हणाली पळ. माणूस सुखाचा घास खातो हे बघवत नाही काहींना. सरळ पोटात दुखतं."

कुणीतरी कोंबडीच्या डब्याचं झाकण उगाच परत लावलं. हर्शेल पुढं सरकला. आर्झुलानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिला बोलता आलं असतं. मी गप्प बसले असते तर नोव्हेंबरात सगळं माझं होतं, हे एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंसुद्धा. पण त्याच्या मागोमाग सोमवारच्या सकाळचा रेडिओही आठवला. भाव दुप्पट होणार हे ती ऐकून गेली होती. वाटेत ते सांगायचं ठरवलंही होतं. आणि मग 'आजच जा' एवढंच म्हणाली होती.

"दुखतं," ती डेलोरिसला म्हणाली. "खोटं नाही." आणि आपला डबा उचलून गाडीकडे गेली.

उन्हाळाभर लिओटिस तिच्या ओसरीवर आला नाही. त्यानं नवी गाडी घेतली, लाल. ती रस्त्यानं गेली की खिडकीच्या काचा थरथरत. आर्झुला भांडी घासताना आवाजावरून ओळखायची आणि वर बघायची नाही. गाडी गेल्यावर बघायची.

सप्टेंबरात कंपनी आली. तिच्या गवताच्या मधोमध खडी टाकून रस्ता केला, पाइन पाडले, आणि जिथं दरवर्षी चांगलं गवत यायचं त्याच कोपऱ्यात खणायचा मनोरा उभा केला. वरच्या नुकसानीचे म्हणून तिला काही पैसे मिळाले. त्यात हर्शेलच्या यंत्राचे दात बदलून झाले. मनोरा दिवसरात्र घरघरायचा. गाई त्या बाजूला चरायला जाईनात. हर्शेल कुंपणाशी उभा राहून बघायचा. एकदा तो म्हणाला, "चांगलं केलंस, असं म्हणायला मला अजून जमत नाही."

"नको म्हणूस," ती म्हणाली.

मग ऑक्टोबर आला आणि न्यूयॉर्कमधल्या बँका कोसळल्याचं रेडिओवर सांगू लागले. गावात कुणाला आधी समजलं नाही की त्याचा आपल्याशी काय संबंध. पण कंपन्यांची पोरं दिसेनाशी झाली. मोटेल रिकामं पडलं. पंधरावर हटून बसलेल्यांनी दहा मागितले, मग पाच, मग फोन उचलणारंच कुणी उरलं नाही. थर्मनचा ड्राफ्ट बँकेनं परत पाठवला. कंपनी म्हणाली, कागदांत दोष आहे. दोष काय ते सांगितलं नाही. थर्मन पुन्हा गाईंना चारा टाकायला लागला. ओरडायचा मात्र त्यांच्यावरच.

त्या आठवड्यातल्या रविवारी आर्झुला चर्चला चालत निघाली होती. हर्शेलची कंबर धरली होती, आणि तिला गाडी चालवायचा कंटाळा. पाठीमागून लाल गाडी आली, सावकाश झाली आणि तिच्या चालीनं सरकायला लागली. काच खाली गेली. आत एकटा लिओटिस.

"थर्मनचं ऐकलंस?"

"ऐकलं."

"तू आजच जा म्हणाली नसतीस तर मीही थांबलो असतो. डेलोरिसलाही कळतं ते. तोंडानं म्हणणार नाही, पण कळतं." त्यानं स्टिअरिंगवर अंगठा घासला. "उपकार झाले, ताई."

आर्झुला चालत राहिली. रस्त्याकडेचं गवत पिवळं पडलं होतं. तिला वाटलं, हे घ्यावं आणि गप्प बसावं. घेतलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"मानू नकोस उपकार," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी रेडिओ ऐकला होता. भाव दुप्पट होणार म्हणाले होते. मला माहीत होतं. तरी म्हटलं आजच जा."

गाडी तिच्यासोबत सरकत राहिली. चाकांखाली खडी करकरत होती.

"म्हणजे," लिओटिस म्हणाला, "माझं कमी व्हावं म्हणून?"

"त्यासाठीही. दुसऱ्या दिवसापर्यंत माझा मलाच भरवसा नव्हता म्हणूनही. किती कशासाठी, ते मला वेगळं काढता येत नाही. जून महिन्यापासून काढतेय."

"मग हेव्यानंच वाचवलं म्हणायचं मला."

"कशानं ते देव जाणे."

तो हसला नाही. पुढं चर्चचं छप्पर दिसायला लागलं होतं. ऑर्गनवरची मुलगी सूर लावून बघत होती, तो शेतावरून तुटक तुटक येत होता.

"अजून आहे?" त्यानं विचारलं.

"काय?"

"पोटातलं."

आर्झुलानं विचार केला. "आज सकाळी जरा कमी होतं. ही गाडी दिसेपर्यंत."

आता मात्र तो हसला, लहानपणी हसायचा तसाच, तिला खुपायचं तसाच. त्यानं गाडी थांबवली आणि आतून वाकून दार उघडलं. "बस. ऊन लागतंय."

"मी चालत जाईन."

ती थोडी चाललीही. मग गुडघ्यात कळ आली तशी थांबली, मागे आली, दाराखालच्या पायरीवर पाय ठेवून चढली आणि दार ओढून घेतलं. सीट तिला वाटली होती त्याहून मऊ होती. तिनं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली, आणि चर्च येईपर्यंत पाठ टेकली नाही.